गोव्यातल्या मोठ्या टेक कॉन्फरन्सला पहिल्यांदाच येतोय, राहणं-फिरणं आणि आत गेल्यावर नेमकं करायचं काय?

नवखा_कोडर

मंडळी नमस्कार. कंपनीनं यंदा मला आणि टीममधल्या अजून एकाला ताळगावच्या इनडोअर स्टेडियमवर होणाऱ्या एका मोठ्या कॉन्फरन्सला पाठवायचं ठरवलंय. तीन दिवस, एका वेळी चार ट्रॅक (म्हणजे चार ठिकाणी एकदम टॉक), शिवाय आधी एक दिवस वर्कशॉप, आणि माणसं म्हणे दोन हजारच्या वर. मी मूळचा गडहिंग्लजचा, नोकरी पुण्यात. गोवा पाहिलाय पण तो मित्रांबरोबर, म्हणजे कळंगुट-बागा आणि परत, पणजी फक्त बसच्या खिडकीतून. आजवर आपल्या गावच्या पन्नास-साठ जणांच्या मीटअपपलीकडे कुठे गेलो नाही त्यामुळे एवढ्या गर्दीत काय करायचं काही कळत नाहीये. फ्लाइट घेतली तर मोपा की दाबोळी, रूम कुठे बघू, लॅपटॉप न्यायचा का, कोणाला ओळखत नाही तर दिवसभर नुसतं खुर्चीत बसून यायचं का, असे सगळेच प्रश्न आहेत. मॅनेजर म्हणाला "गोवा आहे, एंजॉय कर", आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला "आल्यावर टीमला सेशन घ्यायचंय". जाणकारांनी सांगा.

म्हापशेकर

पहिली गोष्ट, कळंगुटला रूम घेऊ नकोस. बाहेरून येणारे निम्मे लोक हेच करतात, बीच जवळ म्हणून तिकडे राहतात आणि मग सकाळी नऊच्या उद्घाटनाला साडेदहाला पोचतात. नकाशावर कळंगुट ते ताळगाव वीसेक किलोमीटर दिसतं पण ऑफिसच्या वेळेला पर्वरीचा उतार आणि मांडवीवरचे पूल पार करायला किती वेळ लागेल हे आम्ही रोज जाणारे सुद्धा छातीठोक सांगत नाही. रूम पणजी, मिरामार, सांतिनेज, ताळगाव, दोना पावला इथेच बघ. सरकारी पर्यटन महामंडळाची पणजी रेसिडेन्सी आणि मिरामार रेसिडेन्सी आहे, चकाचक काही नाही पण जागा मोक्याची. बुक करायच्या आधी तारखा तपास. २० ते २८ नोव्हेंबर इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा पणजीतले दर आभाळाला भिडतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव. कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत मिरवणूक असते, रस्ते बंद, आणि शिगम्याच्या मिरवणुकीला पण तेच. कॉन्फरन्सवाले हे वेबसाइटवर लिहीत नाहीत.

विमानतळ दोन आहेत, तिकिटावर कोड नीट वाच. मोपा म्हणजे जीओएक्स, दाबोळी म्हणजे जीओआय. मोपा पेडण्यात, पणजीपासून पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला, दाबोळी वास्कोजवळ, दक्षिणेला. येताना एकावर उतरून परतीचं तिकीट दुसऱ्यावरून काढलेले आणि टॅक्सीत बसल्यावर ते कळलेले महाभाग दर सीझनला भेटतात. मोपाहून कदंबच्या (गोव्याची एसटी) इलेक्ट्रिक बसेस पणजीला येतात, स्वस्त आणि एसी, बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यातून सरळ पुढे चालत राहा.

ट्रेनने येणार असशील तर पणजीला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. गोवा एक्सप्रेस पुण्याहून थेट मडगावला आणते, मडगावहून पणजीला कदंबची शटल आहे. शटलचं तिकीट आधी काउंटरवर काढायचं असतं, बसमध्ये कंडक्टर नसतो, नवीन माणूस आत जाऊन बसतो आणि मग त्याला उठवून रांगेच्या शेवटी पाठवतात :)

ओला-उबर इथे नाही. गोवा माइल्सचं ॲप टाकून ठेव, आणि हॉटेलबाहेरच्या स्टँडवरच्या टॅक्सीचा दर बसायच्या आधी ठरव. एकटा असशील आणि पाठीवर एकच बॅग असेल तर पायलट बेस्ट, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल टॅक्सी असतात त्या. खासगी बसेस आठ वाजले की तुरळक होत जातात, त्यामुळे संध्याकाळच्या पार्टीनंतर बस मिळेल या भरवशावर राहू नकोस.

फर्मागुढी_फायनल_इयर

रेंटची स्कूटर घेतलीस तर काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेलीच घे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, शे-दोनशे कमी सांगतात पण रस्त्यात धरलं तर तुझाच दिवस जातो. हेल्मेट आणि लायसन्स अर्थात.

बाकी मला हा धागा बघून हसू आलं, कारण आम्ही इथले असून आम्हाला कॉन्फरन्सची तिकिटं परवडत नाहीत आणि देशभरातून लोक कंपनीच्या पैशाने येतात. माझ्यासारखे अजून कोणी वाचत असतील तर व्हॉलंटियरचा फॉर्म भरा. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॉन्फरन्सला लागतात, काही ठिकाणी विद्यार्थ्यांना सवलत असते, पायकॉन इंडियासारख्या कम्युनिटीच्या कॉन्फरन्सला आर्थिक मदत पण असते, फक्त अर्ज फार आधी करावा लागतो. व्हॉलंटियर असलं की अर्धे टॉक बुडतात हे खरं. पण स्पीकरला स्टेजमागे माइक लावून द्यायची ड्यूटी मिळाली की त्याच्याशी दहा मिनिटं निवांत गप्पा होतात, जे तिकीट काढून आलेल्याला तीन दिवसांत जमत नाही. रजिस्ट्रेशन डेस्क मात्र शक्यतो टाळा. पहिल्या सकाळी सगळे एकाच वेळी येतात आणि प्रत्येकाच्या बॅजवर स्पेलिंग चुकलेलं असतं.

रेड_टीम_बाय

मी सिक्युरिटीत आहे. गोव्यात २०१० पासून नलकॉन ही सिक्युरिटीची कॉन्फरन्स होतेय त्यामुळे आमच्या लोकांना गोवा आणि कॉन्फरन्स हे जोडून माहीत आहे. आतल्या भागाबद्दल लिहिते, जरा लांबेल.

वर्कशॉप आहे म्हणतोस तर सगळी तयारी घरच्या वायफायवर कर. वर्कशॉपच्या आदल्या आठवड्यात एक मेल येते की हे हे इन्स्टॉल करून या, ती मेल कोणी उघडत नाही. मग हॉलमध्ये साठ-सत्तर जण एकदम पाच-सहा जीबीची डॉकर इमेज किंवा व्हीएम (सरावासाठी तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा) उतरवायला बसतात, नेट झोपतं, आणि पहिला दीड तास इन्स्टॉलेशनमध्ये जातो. दुसरं, कंपनीचा लॅपटॉप नेणार असशील तर त्यावर ॲडमिन राइट्स आहेत का, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, यूएसबी ब्लॉक आहे का हे पुण्यातच बघ. बहुतेकांचा ब्लॉक असतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या आयटी हेल्पडेस्कला फोन लावून काही उपयोग नसतो. एक एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाक. खरं सांगते, एवढ्या लोकांत ओळखी करून घ्यायचा याच्याइतका सोपा उपाय नाही, भिंतीजवळ बस, बोर्ड लाव, पाच मिनिटांत चार जण येऊन "भाई, एक पॉइंट मिलेगा?" विचारतात. पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही.

नेटवर्क. निघायच्या आधी फोन आणि लॅपटॉपचे सगळे अपडेट मारून घे. ब्लूटूथ बंद, स्वतःचा हॉटस्पॉट वापर. लास व्हेगासला १९९३ पासून डेफकॉन ही हॅकर्सची कॉन्फरन्स होते, तिथे उघड्या नेटवर्कवर विना-एन्क्रिप्शन लॉगिन करणाऱ्यांची नावं आणि अर्धवट झाकलेले पासवर्ड एका पडद्यावर सगळ्यांना दाखवतात, वॉल ऑफ शीप म्हणतात त्याला. तुझ्या कॉन्फरन्सला असं काही नसेल पण दोन हजार टेकवाले एका छताखाली असल्यावर एखाद्याचे हात शिवशिवणारच. सापडलेला पेनड्राइव्ह लावू नकोस, भिंतीवर चिकटवलेला अनोळखी क्यूआर स्कॅन करू नकोस. शेड्यूलचे स्क्रीनशॉट काढून ठेव कारण गर्दीत मोबाइलचं नेट मान टाकतं आणि कॉन्फरन्सचं ॲप नेमकं तेव्हाच फिरत बसतं.

बॅज. स्टॉलवर टी-शर्टाच्या बदल्यात तुझा बॅज स्कॅन करतात, म्हणजे तुझा ईमेल, कंपनी आणि पद त्यांच्या सेल्सच्या यादीत गेलं. त्यात गैर काही नाही, त्यासाठीच ते पैसे भरून उभे असतात, पण नंतर सहा महिने मेल येतात. जीमेल असेल तर रजिस्ट्रेशन करतानाच नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द लावून पत्ता दे, सगळ्या मेल एका फोल्डरमध्ये पाठवता येतात. आणि स्टॉलवर खरंच काही समजून घ्यायचं असेल तर सरळ विचार की तुमच्यात इंजिनियर कोण आहे. साधारण मागे कोपऱ्यात कंटाळून उभा असतो तो, त्याला प्रश्न विचारला की खुलतो.

सेशन. चार ट्रॅक आहेत म्हणून प्रत्येक तासाला कुठेतरी असलंच पाहिजे असं नाही. आदल्या रात्री बसून दिवसाचे तीन टॉक पक्के कर, बाकी वेळ मोकळा, बाहेर कॉरिडॉरमध्ये लोकांशी गप्पा मार. कोणते टॉक रेकॉर्ड होणार ते विचारून घे. रेकॉर्ड होणारं घरी दीडपट वेगात बघता येतं, वर्कशॉप आणि बर्ड्स ऑफ अ फेदरच्या (एकाच विषयात रस असलेल्यांच्या अनौपचारिक) गप्पा सहसा रेकॉर्ड होत नाहीत, तिकडे जा. लोकप्रिय टॉकला आधीचं सेशन सोडून दहा मिनिटं लवकर जाऊन बसावं लागतं. ब्रसेल्सचं फॉसडेम, ओपन सोर्सवाल्यांची कॉन्फरन्स, तर फुकट, नोंदणी पण नाही, विद्यापीठाच्या वर्गांत भरतं, आणि वर्ग भरला की दारावर फुलची पाटी लागते, मग स्पीकरचा सख्खा भाऊ असलात तरी बाहेर. कडेची खुर्ची धर म्हणजे टॉक रटाळ निघाला तर कोणाच्या गुडघ्यांवरून न जाता उठता येतं. उठून जाण्यात काही अपमान नाही. ओपन स्पेस पद्धतीच्या (विषय तिथेच जमलेले लोक ठरवतात अशा) परिषदांत तर दोन पायांचा नियमच आहे, शिकतही नाही आणि भरही घालत नाही तर पाय वापरा आणि दुसरीकडे जा.

झोप. डेफकॉनवाल्यांचा ३-२-१ चा नियम आहे, दिवसाला कमीत कमी तीन तास झोप, दोन जेवणं, एक अंघोळ. विनोद वाटतो पण तिसऱ्या दिवशी दुपारच्या हॉलमध्ये बसलास की शेवटचा आकडा किती महत्त्वाचा ते कळेल, गोव्याच्या हवेत तर दोनदा कर.

दिवचलकार

बायच्या बाकी सगळ्याला अनुमोदन पण टॉक सोडून बाहेर गप्पा मारा हा सल्ला आता फार झाला. अनुभवी माणसाला ठीक आहे, त्याला पन्नास जण ओळखतात. नवीन पोराला बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं केलंत तर तो मोबाइल बघत उभा राहील आणि चहाचे पाच कप पिऊन परत येईल. गप्पा मारायला आधी विषय लागतो आणि विषय टॉकमधून मिळतो. माझं म्हणणं, पहिला दिवस पूर्ण टॉक ऐक, दर टॉकचा एकच मुद्दा लिहून ठेव, आणि बाहेर आल्यावर शेजारी जो असेल त्याला विचार "तुमच्याकडे हे प्रॉडक्शनला चालतं का?" एवढं पुरतं. दुसऱ्या दिवसापासून बाहेर राहा हवं तर.

आणि लायटनिंग टॉक चुकवू नका. पाच-पाच मिनिटांचे असतात, निम्मे फसतात पण उरलेल्यांत जे मिळतं ते मुख्य हॉलमधल्या प्रायोजकाच्या तासभराच्या भाषणात मिळत नाही. प्रायोजकाचं की-नोट म्हणजे जेवायला लवकर जायची वेळ, हे माझं स्पष्ट मत.

रेड_टीम_बाय

दिवचलकार, पहिल्या दिवसापुरतं मान्य. की-नोटचं तर शंभर टक्के मान्य.

एक भर. घोळक्यात शिरायचं कसं हा प्रश्न असेल तर पायथॉनवाल्यांत पॅकमॅन नियम आहे, एरिक होल्शर या माणसानं मांडलेला. गोल करून उभे असाल तर एका माणसाची जागा मुद्दाम मोकळी ठेवायची म्हणजे नवीन माणूस येऊन उभा राहू शकतो. सगळे पाळत नाहीत, पण अशी फट दिसली की बिनधास्त शिर, आणि आत गेलास की तू पण थोडा सरकून फट ठेव.

हिशेबनीस

कोणी न विचारलेली गोष्ट. तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी नंबर टाक, नंतर बिल बदलून मागशील तर आयोजक कॉन्फरन्स संपल्यावर महिनाभर मेलला उत्तर देत नाहीत. हॉटेलच्या बिलावर गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो, महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे अकाउंट्सवाले कुरकुरले तर दचकू नकोस. पायलट आणि बसचे पैसे कंपनीकडून मागायचे असतील तर यूपीआयने दे, तेवढाच पुरावा. बारचं बिल जेवणाच्या बिलापासून वेगळं करून घे. का ते सांगायला नको.

परतीला बसने जाणार असाल आणि बॅगेत बाटल्या असतील तर परमिटची पावती ठेवा, महाराष्ट्राच्या हद्दीत शिरल्यावर इन्सुली नाक्यावर बस थांबवून तपासतात. कॉन्फरन्सचा गळ्यातला बॅज दाखवून तिथे कोणी सोडत नाही.

नवखा_कोडर

बापरे, एवढी माहिती! देव बरें करूं मंडळी (बरोबर लिहिलं ना?). रूम मिरामारला बघतोय. लॅपटॉपचं आज विचारलं, खरंच यूएसबी ब्लॉक आहे, त्यामुळे स्वतःचा जुना घेऊन येईन.

अजून एक, जरा लाजतच विचारतो. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. लिहायला अडत नाही पण चार अनोळखी लोकांसमोर बोलायचं म्हटलं की वाक्य डोक्यात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. हॉलमध्ये माइक घेऊन प्रश्न विचारणं तर विसराच. अशा माणसानं काय करायचं?

दिवचलकार

अरे माइक घेऊन विचारणारे बहुतेक जण प्रश्न विचारतच नाहीत, स्वतःचा बायोडाटा सांगतात आणि शेवटी "तुम्हाला काय वाटतं" जोडतात. तू त्यात नाहीस ते बरंच आहे. प्रश्न वहीत एका ओळीत लिही, टॉक संपल्यावर स्पीकर स्टेजच्या खाली येतो, तिथे पाच-सहा जण जमतात, गर्दी ओसरेपर्यंत थांब आणि वहीत बघून विचार. कोणी हसत नाही. स्पीकरला उलट बरं वाटतं की कोणीतरी नीट ऐकलं.

फर्मागुढी_फायनल_इयर

दादा, मी फोंड्याच्या मराठी शाळेतून आलोय, घरी कोंकणी, कॉलेजात इंग्लिश, आणि तिन्हीत व्हायवाला ततपप होतं. मागच्या वेळी व्हॉलंटियर होतो तेव्हा एका कोरियन स्पीकरला पाणी द्यायला गेलो, त्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, तरी हॉल फुल होता कारण डेमो भारी होता. लॅपटॉप उघडून स्क्रीन दाखवत बोललं की व्याकरण कोणी बघत नाही. आणि पुणे-कोल्हापूर-बेळगावचे इतके लोक असतात की रांगेत एक फोन मराठीत घ्या, मागून कोणीतरी विचारतंच "कुठले तुम्ही?"

रेड_टीम_बाय

हो, आणि एक करून बघ. यायच्या आधी दोन-तीन स्पीकर निवड, त्यांचं जुनं काम, ब्लॉग किंवा गिटहबवरचा कोड वाच आणि आधीच मेसेज टाक की अमुक टॉकला येतोय, हा प्रश्न आहे, पाच मिनिटं भेटता येईल का. लिहिताना तुला अडत नाही म्हणतोस ना? मग लेखी भाग आधीच उरकून टाक. तिथे गेल्यावर फक्त "मीच तो मेसेजवाला" एवढंच म्हणायचं उरतं. भेटलेल्या माणसाला त्याच रात्री लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठव आणि कशावर बोललो ते एका ओळीत लिही, चार दिवसांनी तुला पण चेहरे आठवणार नाहीत.

रोज रात्री टीमसाठी पाच ओळी खरडून ठेव. तुझ्या मॅनेजरच्या सेशनचं काम तिथेच निम्मं होतं.

म्हापशेकर

खाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. कॉन्फरन्सचं जेवण म्हणजे पनीर, नेहमीचंच. दुपारी रांग मोठी असते, पहिल्या पंधरा मिनिटांत जा नाहीतर अर्ध्या तासानं जा. सकाळी पणजीत ताटो किंवा भोसलेकडे पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी खाऊन मगच निघ. संध्याकाळी गाड्यावरचं रस ऑम्लेट. चार्जर, केबल वगैरे राहिलं असेल तर सकाळीच घे, दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात आणि ती तुमच्या कॉन्फरन्ससाठी उघडणार नाहीत. आत एसी कडक, बाहेर घामाच्या धारा, एक पातळ जॅकेट ठेव. चपलेत येऊ नकोस, दिवसभर उभं राहायचंय.

बीचचं म्हणशील तर कॉन्फरन्सच्या दिवसांत बागाबिगा विसर, मिरामारला राहतोयस तर सकाळी सहाला तिथेच फिरून ये. राहिलेला गोवा बघायचा तर एक दिवस जोडून रजा टाक, वेगळा.

नवखा_कोडर

रजा टाकलीच आहे :) शेवटचा प्रश्न, माझ्याबरोबरच्या मुलाला हॉटेल परवडत नाहीये, कंपनी ठरावीकच देते. त्याला स्वस्तातलं काही?

हिशेबनीस

मंगेशी, कवळे या बाजूला देवस्थानांच्या अग्रशाळा (भाविकांसाठी राहायच्या खोल्या) आहेत, साध्या आणि स्वच्छ, पण आधी फोन करून विचारायचं. नियम असतात, मांस-मच्छी आणि दारू आत नाही. तिथून पणजीला बस सकाळी भरपूर, रात्रीची मात्र अडचण, पार्टीला थांबणार असेल तर जमायचं नाही.

फर्मागुढी_फायनल_इयर

पार्टीच्या रात्री त्याला आमच्या रूमवर पाठवा, गादी आहे. बदल्यात तो एक्स्टेन्शन बोर्ड इथेच ठेवून जायचा, हॉस्टेलला एकच प्लग पॉइंट आहे.

नवखा_कोडर

डन. त्याला सांगतो दोन घे म्हणून.